"त्याचं रक्त आमच्या मुलाबाळांवर": ज्यू, क्रूस आणि वारशाने लादलेला दोष

वसईची_लेक

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वाचतेच, लिहीत नाही, पण गेले दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. जरा लांबेल.

आम्ही वसईचे कॅथलिक. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिस्सामध्ये (चर्चमधल्या सामूहिक उपासनेत) येशूच्या दुःखसहनाचं लांबलचक वाचन असतं, ते वाटून घेऊन वाचतात, म्हणजे येशूची वाक्यं फादर म्हणतात, एक जण निवेदक, आणि जमावाची वाक्यं चर्चमधली सगळी माणसं मिळून. दर तीन वर्षांनी मत्तयच्या शुभवर्तमानाची पाळी येते, यंदा तीच होती. त्यात न्यायनिवाडा करणारा पिलात पाणी मागवून हात धुतो, या माणसाच्या रक्ताला मी जबाबदार नाही म्हणतो, आणि जमाव ओरडतो, "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो." अध्याय २७, वचन २५. माझी दहा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी उभं राहून हे सगळ्यांबरोबर खणखणीत आवाजात म्हणाली आणि घरी येताना रिक्षात विचारते, मम्मी, आपण असं का म्हणालो? मुलाबाळांवर म्हणजे माझ्यावर का?

मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हटलं धर्मशिक्षणाच्या वर्गात विचार. तिने विचारलं. तिथे शिकवणाऱ्यांनी (नाव-गाव सांगत नाही, मनाने चांगला माणूस आहे) सांगितलं की बाळा ते आपण नाही, ते ज्यू लोक म्हणाले होते, त्यांनी स्वतःच्या तोंडाने शाप मागून घेतला, म्हणून तर पुढे दोन हजार वर्षं त्यांचे हाल झाले, हिटलर बिटलर सगळं त्याच्यामुळेच. मुलीने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि वर मला विचारलं, मग गॅसमध्ये जी लहान मुलं मेली त्यांनी काय केलं होतं?

मी त्या रात्री झोपले नाही. चर्चने ही शिकवण अधिकृतपणे चुकीची ठरवून साठ वर्षं झाली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ ला २२२१ विरुद्ध ८८ मतांनी ठराव केला की येशूच्या बाबतीत जे झालं त्याचा ठपका तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट ठेवता येणार नाही, आणि आजच्या ज्यूंवर तर नाहीच नाही. आणि तरी आपल्या गावातल्या एका वर्गात २०२६ साली हे शिकवलं जातं. ज्यांना इतिहास माहिती आहे त्यांनी लिहा, आणि ज्यांच्या घरादाराशी हे जोडलेलं आहे त्यांनीही लिहा. बापाचा दोष पोरावर येतो का, हा मूळ प्रश्न आहे.

जुनीपानं

ताई, धागा काढलात ते बरं केलं. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर खुद्द ज्यूंच्याच धर्मग्रंथात आहे, तेही येशूच्या आधी जवळपास सहाशे वर्षांपूर्वीचं. यहेज्केलच्या पुस्तकात, १८ व्या अध्यायात. तेव्हा लोकांत एक म्हण होती की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले पोरांचे. संदेष्टा सांगतो की ही म्हण आता बंद करा, जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही आणि बाप मुलाच्या. आधी त्यांच्याच निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शिक्षा करणारा देव आहे, हेही खरं, पण त्यांच्या परंपरेने हा प्रश्न तिथेच सोडला नाही, त्यावर वाद घातला आणि पुढे गेली. म्हणजे ज्या लोकांनी वारशाने येणारा दोष नाकारला त्यांच्याच डोक्यावर तो पुढची अठरा-एकोणीस शतकं ठेवला गेला.

आता त्या वचनाबद्दल. क्रूस ही रोमन शिक्षा होती, पिलात रोमन सुभेदार होता, खिळे ठोकणारे शिपाई रोमन. हा पिलात काही हात धुणारा भिडस्त माणूस नव्हता, पुढे शोमरोनी लोकांची कत्तल केल्यावर तक्रारी झाल्या आणि त्याला रोमला परत बोलावलं गेलं. मत्तयचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासकांच्या मते लिहिलं गेलं इ.स. ७० नंतर, म्हणजे रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळल्यावर. लिहिणारा बहुधा स्वतः ज्यू, ऐकणारे बरेचसे ज्यू, आणि येशूला मानायचं की नाही यावर घराघरात भांडण पेटलेलं. ते भावकीतलं भांडण होतं हो. भावकीत माणूस काय काय बोलतो, तुझं वाटोळं होईल, तुझ्या पोराबाळांना भोगावं लागेल. ते शब्द परक्यांच्या हातात पडले, त्या परक्यांच्या हातात पुढे राज्य आलं, आणि मग भांडणातल्या वाक्याचा कायदा झाला.

दुसऱ्या शतकात सार्दिसचा बिशप मेलितो पास्काच्या (ईस्टरच्या सणाच्या) प्रवचनात म्हणतो की इस्राएलने, म्हणजे ज्यूंनी, देवाचा खून केला. इ.स. ३८६-३८७ मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम ज्यूंविरुद्ध आठ प्रवचनं देतो, सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला) वेश्यागृह आणि जनावरांची गुहा म्हणतो, आणि का, तर त्याच्या चर्चमधली माणसं ज्यूंच्या सणाला आवडीने जात होती म्हणून! खालच्या लोकांत शेजारधर्म होता, वरून तो तोडावा लागला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सरळमार्गी

विषय नाजूक आहे पण विचारतोच. ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की सगळे लोक असं म्हणाले. मग जे लिहिलंय ते शिकवणाऱ्याचं काय चुकलं? वचन पुस्तकातून काढून टाकायचं का? आणि दुसरं, इथे आपण म्हणतो वारशाने दोष येत नाही, मग आजच्या जर्मन पोरांना हिटलरबद्दल मान खाली घालायला का लावतात? एकीकडे एक नियम आणि दुसरीकडे दुसरा, हे मला पटत नाही. कुणाला दुखवायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

वसईची_लेक

सरळमार्गी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्याच जुन्या धर्मशिक्षणात सापडलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ साली जे धर्मशिक्षणाचं पुस्तक निघालं त्यात लिहिलंय की येशूच्या मरणाचे खरे कर्ते म्हणजे सगळे पापी, आणि आपण ख्रिस्ती जास्त दोषी, कारण त्या लोकांनी त्याला ओळखलं नव्हतं, आपण ओळखतो म्हणतो आणि तरी पाप करतो. चारशे साठ वर्षांपूर्वीचं आहे हे. म्हणून तर जमावाची वाक्यं आम्हाला म्हणायला लावतात ना! "त्याला क्रुसावर खिळा" हे गुड फ्रायडेला मी म्हणते, माझी मुलगी म्हणते. ती जागा आमची आहे, ती ज्यूंना कुणी दिली? वचन काढायचं नाही, पण ते बोट दाखवून वाचायचं नाही, इतकंच माझं म्हणणं आहे.

आणि "सगळे लोक" म्हणजे किती हो? पिलाताच्या अंगणात मावतील तेवढे. त्या काळी ज्यू अलेक्झांड्रियात होते, रोममध्ये होते, बाबिलोनमध्ये होते, येशू नावाचा कुणी आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

राईनकाठचा

मी गेली अकरा वर्षं जर्मनीत आहे, माइन्ट्सजवळ. जर्मन पोरांच्या प्रश्नाकडे येतो पण आधी जिथे राहतो तिथलं सांगतो, कारण हा धागा वाचताना मला रोजचे रस्ते डोळ्यासमोर आले.

श्पायर, वर्म्स आणि माइन्ट्स ही राईनकाठची तीन गावं, मध्ययुगात ज्यू विद्येची माहेरघरं. १०९६ साली पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्या इथून गेल्या. त्यांचा हिशोब सरळ होता, आपण एवढ्या लांब देवाच्या शत्रूंशी लढायला निघालोय आणि ज्यांनी ख्रिस्ताला मारलं ते तर इथेच राहतात. ख्रिस्ती आणि ज्यू दोन्ही बाजूंच्या बखरींत हे कारण नोंदलेलं आहे. श्पायरच्या बिशपने ज्यूंना आसरा दिला, तिथे थोडके मेले. वर्म्समध्ये बिशपच्या वाड्यात लपलेल्यांनाही ओढून मारलं. माइन्ट्समध्ये आर्चबिशप आधी संरक्षण देतो म्हणाला आणि वेळ आल्यावर पळून गेला. लोकांपुढे एकच पर्याय ठेवला होता, बाप्तिस्मा नाहीतर मरण, आणि कित्येक आईबापांनी आपल्या हाताने मुलांच्या मानेवर सुरी ठेवली आणि मग स्वतःच्या. हिब्रू बखरींत ती नावं आहेत, मी ती अनुवादात वाचली आणि पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो. वर्म्सची ज्यू दफनभूमी अजून आहे, अकराव्या शतकातले दगड आहेत, तिरके झालेले, गवतात. गेलात कधी तर जरूर बघा.

एक हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी आत्ताच्या शेजाऱ्याला मारणं. तेव्हा येशूला जाऊन हजार वर्षं झाली होती.

जुनीपानं

राईनकाठचा, फार मोलाचं लिहिलंत. त्यात एक भर. धर्माचं कारण तोंडावर असायचं आणि खाली बऱ्याचदा पैसा. इंग्लंडमध्ये यॉर्कला मार्च ११९० मध्ये गावातले ज्यू, सुमारे दीडशे माणसं, किल्ल्याच्या बुरुजात अडकली आणि तिथेच संपली. कत्तल झाल्यावर जमाव कुठे गेला? थेट मोठ्या चर्चमध्ये, जिथे कर्जाचे कागद ठेवलेले होते. ते कागद तिथेच जमिनीवर जाळले. पुढाऱ्यांपैकी काही जण ज्यूंचे कर्जदार होते. शंभर वर्षांनी, १२९० मध्ये, राजा पहिल्या एडवर्डने सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर काढलं.

स्ट्रासबुर्गला १४ फेब्रुवारी १३४९ ला तेच. प्लेगची अफवा, ज्यूंनी विहिरीत विष टाकलं म्हणून. प्लेग गावात अजून पोचलासुद्धा नव्हता! पोप सहावा क्लेमेंट पत्रकं काढून सांगत होता की अरे ज्यूसुद्धा याच रोगाने मरतायत, पण कोण ऐकतो. माणसं जाळली, कर्जं रद्द झाली, रोकड कारागिरांच्या संघांत वाटली गेली. तिथल्याच एका जुन्या बखरकाराने लिहून ठेवलंय की ज्यूंना मारणारं खरं विष म्हणजे पैसा. व्याजाच्या धंद्यात त्यांना ढकललं कुणी तेही बघा, जमीन घ्यायला आडकाठी, कारागिरांच्या संघात प्रवेश नाही, मग उरलं काय.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. ह्या विषयाचा आमच्या मातीशी सरळ संबंध आहे आणि तो बऱ्याच मराठी लोकांना ठाऊक नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पणजीला एक सार्वजनिक बाग आहे, गार्सिया द ओर्ता यांच्या नावाची. हा डॉक्टर, वनस्पतींचा मोठा जाणकार. त्याचे आईवडील स्पेनमधले ज्यू, १४९२ साली तिथून ज्यूंना हाकलून दिलं तेव्हा पोर्तुगालला आले, आणि तिथे १४९७ ला सगळ्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं. पोरगा मोठा झाला, शिकला, १५३४ साली गोव्यात आला, निजामशहाच्या दरबारापर्यंत त्याची ये-जा होती, मुंबई बेट त्याच्याकडे भाड्याने होतं. १५६३ साली गोव्यातच त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, आंबा, हिंग, वेलदोडा, भांग, सगळ्याची चर्चा आहे त्यात, आपल्या वैद्यांना विचारून विचारून लिहिलेली. १५६८ ला तो वारला. त्याआधी १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं होतं. तो वारल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १५६९ ला, त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं. आणि १५८० मध्ये ह्याची हाडं कबरीतून उकरून काढली आणि ती जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी.

धर्म बदलला तरी सुटका नाही, मेलं तरी सुटका नाही. दोष रक्तात आहे म्हटलं की तो हाडापर्यंत शोधत जातात. नंतर गोव्यातल्या हिंदूंना आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाही ह्याच यंत्रणेने पिळलं, ती १८१२ पर्यंत चालली, मध्ये चार वर्षं सोडून. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका कसल्याही छळाला अजून तेच नाव देतात.

जुनीपानं

मांडवीकाठ यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. हे "रक्तात दोष" प्रकरण कायद्यात आलं स्पेनमधल्या तोलेदो शहरात, १४४९ साली. एका करावरून दंगा झाला, त्यातून ठराव झाला की ज्यूंमधून ख्रिस्ती झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना शहरात कुठलंही अधिकारपद नाही. रक्ताची शुद्धता! पोप पाचव्या निकोलसने त्याच वर्षी याचा निषेध केला, म्हणाला बाप्तिस्मा झाला की सगळे सारखे. तरी ते पसरलं, तोलेदोच्या कॅथेड्रलने १५४७ मध्ये तोच नियम केला, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने १५९३ साली ज्यू वंशाच्या माणसाला संघात बंदी घातली आणि ती पूर्ण उठली १९४६ मध्ये. त्यांचा दुसराच मुख्य, दिएगो लाइनेस, ज्यू पूर्वजांचा होता. आविलाच्या संत तेरेजाचे आजोबा ज्यूंमधून आलेले, त्यांना तोलेदोच्या इन्क्विझिशनने भर गावात प्रायश्चित्ताची मिरवणूक काढायला लावली होती. आज तिच्या नावाची चर्चेस आहेत.

१९३५ चे नाझींचे न्यूर्नबर्गचे कायदे आले तेव्हा त्यांनीही माणसाची श्रद्धा विचारली नाही, आजी-आजोबा मोजले. तीन किंवा चार ज्यू असले की तू ज्यू. एडिथ श्टाइन कॅथलिक जोगीण झाली होती, तिला मठातून उचललं आणि ९ ऑगस्ट १९४२ ला आउशवित्सच्या नाझी छावणीत मारलं.

नवगाववाली

मी हा धागा दोन दिवस वाचतेय, आज लिहिते. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. माहेरची माणसं अलिबागकडची, आता मी इस्रायलमध्ये अश्दोदला असते, नातवंडं हिब्रूत बोलतात आणि मी त्यांना मराठीत ओरडते.

आमच्या जुन्या माणसांची गोष्ट सगळ्यांना माहितीच असेल, नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली. कोकणात राहिलो, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली म्हटलं. बस. तेवढीच चौकशी केली गावाने. तुम्ही कुणाला मारलं, तुमच्या पूर्वजांनी काय केलं, असं आम्हाला कोकणात शतकानुशतकं कुणी विचारलंच नाही, कारण तिथल्या कुणाला त्या वचनाची खबरच नव्हती. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग झालं, त्याला सगळे जुनी मशीद म्हणायचे, आम्हीपण. ख्रिस्ताचा खून वगैरे हे आम्ही ऐकलं ते मिशनऱ्यांच्या शाळांत, आणि खरं सांगायचं तर त्याच मिशनऱ्यांनी, जॉन विल्सनसारख्यांनी, आमच्या माणसांना हिब्रू शिकवलं, आमच्यातली पहिली शिकलेली पिढी तिथलीच. मी त्यांना वाईट म्हणणार नाही.

वसईच्या लेकी, तुझ्यासाठी एक सांगते. तुमच्या पवित्र आठवड्यात युरोपातले ज्यू दारं लावून घरात बसायचे. चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने कायदाच केला की त्या दिवसांत ज्यूंनी बाहेर दिसायचं नाही, आणि वेगळे कपडे घालायचे म्हणजे ओळखू येतील. तेव्हाच्या रशियातल्या किशिनेव्हचा ज्यूंविरुद्धचा १९०३ चा दंगा, तोही ईस्टरलाच सुरू झाला. आमच्याकडेसुद्धा दारं लावायचा एक दिवस होता. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्याला माझी आजी "दार फळणीचा सण" म्हणायची. पांढरे कपडे घालायचे, उपास, घराची दारं बंद, दिवसभर प्रार्थना. सगळं गाव बाहेर आपापल्या कामाला आणि आत आम्ही देवाशी बोलत. भीती नव्हती त्यात. मी इथे पोलंडहून, मोरोक्कोहून आलेल्या बायकांना हे सांगते तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहतात, की तुझ्या आजीने दार लावलं ते देवासाठी?

आणि हेही लिहिते, लपवून काय करू. इथे आल्यावर १९६२ साली इथल्याच मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) फर्मान काढलं की बेने इस्रायलच्या माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याच्या पूर्वजांची चौकशी करा. मागच्या पिढ्या तपासायच्या! आमची माणसं रस्त्यावर बसली, आंदोलन झालं, १९६४ साली संसदेने ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत. ज्यांना रक्त मोजून मारलं होतं त्यांच्यातल्याच काहींनी आमचं रक्त मोजायला घेतलं. आईला ते शेवटपर्यंत लागून राहिलं होतं.

सरळमार्गी

नवगाववाली आजी, नमस्कार. वाचताना अंगावर काटा आला. माझा जर्मन पोरांचा प्रश्न अजून तसाच आहे पण.

कोर्टकचेरी

त्याचं उत्तर मी वकिलाच्या बाजूने देऊन बघतो. आपल्याकडे आरोपी मेला की त्याच्यावरचा फौजदारी खटला तिथेच संपतो. बापाने खून केला म्हणून पोराला कोणी तुरुंगात टाकत नाही. पण बापाचं कर्ज? ते मरत नाही. वारसाकडून ते वसूल होतं, मात्र जेवढी इस्टेट त्याला बापाकडून मिळाली तेवढ्यापुरतंच. घर घेतलंस ना बापाचं, मग घरावरचा बोजाही घे. आपले जुने लोकही दोन वेगळे शब्द वापरतात, दोष आणि ऋण. पितृदोषाची भीती दाखवून शांती करायला लावणारे खूप आहेत, पण पितृऋण ही जास्त जबाबदारीची गोष्ट आहे, ते फेडायचं असतं.

ज्यूंवर जो लादला तो दोष. जर्मन माणसावर आज जे आहे ते देणं. ज्यूंची दुकानं, घरं, कारखाने, चित्रं, अगदी जेवणघरातली भांडी लिलावात गेली, ती कुणीतरी घेतली, त्यांच्या घरात ती अजून असतील. १९५२ साली पश्चिम जर्मनीने करार करून इस्रायलला ३०० कोटी मार्क द्यायचं कबूल केलं, शिवाय ४५ कोटी ज्यू संघटनांना. ती शिक्षा नव्हती. हडपलेल्यातलं थोडं परत करणं होतं. मेलेल्या माणसाची भरपाई होत नाही हे दोन्ही बाजूंना माहीत होतं, इस्रायलमध्ये तर हे पैसे घ्यायचे की नाही यावर दंगल झाली.

यॉर्कच्या चर्चमध्ये जाळलेले कागद आठवा. ज्यांना स्वतःचं देणं फेडायचं नव्हतं त्यांनी दुसऱ्यांच्या माथी दोष मारला.

राईनकाठचा

कोर्टकचेरी, हे मी माझ्या जर्मन शेजाऱ्याला सांगितलं, ऋण आणि दोष. जर्मन भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, शुल्ड. तो म्हणाला आमची अर्धी भांडणं ह्या एका शब्दामुळे होतात!

सरळमार्गी, इथे शाळेत पोरांना मान खाली घालायला लावत नाहीत. ८ मे १९८५ ला राष्ट्राध्यक्ष वाइत्सेकर संसदेत बोलले, त्याचा आशय असा की जे तेव्हा जन्मलेच नव्हते त्यांनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यावी असं कुणी म्हणू शकत नाही, पण पूर्वजांनी जड वारसा ठेवलाय आणि तो आपण सगळ्यांनी स्वीकारायला हवा, दोषी असू वा नसू. त्याच्याही आधी, १९४६ मध्येच, कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने दोषाचे चार प्रकार वेगळे केले होते आणि ठामपणे म्हटलं होतं की अख्ख्या जातीला गुन्हेगार ठरवता येत नाही. त्याची स्वतःची बायको ज्यू होती, दोघं युद्ध संपेपर्यंत जीव मुठीत धरून होते.

आमच्या गल्लीत फुटपाथवर पितळेचे छोटे चौकोन बसवलेत, दहा सेंटीमीटर बाय दहा. त्यावर नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. त्या घरात राहणाऱ्याचं. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने सुरू केलं, आता युरोपभर लाखाच्या वर झालेत. नोव्हेंबरच्या ९ तारखेला, म्हणजे १९३८ साली ज्या रात्री सिनेगॉगं जाळली त्या दिवशी, माझा मुलगा वर्गाबरोबर ते घासायला जातो. माझा मुलगा, ज्याचे आजोबा सांगलीचे. त्याला मी विचारलं तुला का घासायचं असतं, तर म्हणाला त्या घरासमोरून मी रोज शाळेत जातो ना.

सरळमार्गी

हं. पटलं. म्हणजे पूर्ण नाही पण बरंचसं. माझ्या डोक्यात दोष आणि देणं एकच होतं.

एक अजून. सध्या गाझाच्या बातम्या येतात, तिथली मेलेली मुलं बघवत नाहीत. मग लोक म्हणतात ज्यू असेच. त्याचं काय?

नवगाववाली

बाळा, तू विचारलंस म्हणून सांगते. बातम्या आल्या की ठाण्यातल्या माझ्या भाच्याला ऑफिसमध्ये विचारतात, तुम्ही लोक हे का करताय. तो ठाण्याच्या बाहेर कुठे गेला नाही. एखाद्या सरकारला दोष दे, ज्याने हुकूम दिला त्याला दे, ज्याने गोळी घातली त्याला दे, मीही देते, माझ्या घरात यावर रोज भांडणं होतात. पण माझ्या भाच्याला देऊ नकोस. आणि तितकंच जोरात मी इथल्या माझ्या शेजाऱ्यांना सांगते, की ७ ऑक्टोबर २०२३ ला ज्यांनी आमची माणसं मारली त्यांचा हिशोब गाझातल्या चार वर्षांच्या पोराकडून मागू नका. शेजारणीने सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. यहेज्केलची द्राक्षं तिच्या पोथीतही आहेत की.

वसईची_लेक

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, मी प्रिंट काढून ठेवलंय. काय झालं ते सांगते.

मी त्या शिकवणाऱ्या काकांना भेटले. भांडले नाही. त्यांना झ्यूल इझाकची गोष्ट सांगितली. हा फ्रान्सचा इतिहासकार, ज्याची पाठ्यपुस्तकं शाळांतून होती, ज्यू म्हणून १९४० मध्ये नोकरीवरून काढला. १९४३ साली त्याची बायको आणि मुलगी पकडून नेल्या, आउशवित्समध्ये गेल्या. तो लपत छपत लिहीत होता, की ज्यूंचा तिरस्कार चर्चमध्ये कसा शिकवला गेला, आणि बायकोने छावणीतून निरोप पाठवला होता की तुझं काम पूर्ण कर. ८२ वर्षांचा असताना, जून १९६० मध्ये, तो पोप तेविसाव्या जॉनना भेटायला गेला. पोपनी आदल्याच वर्षी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला ज्यूंना बेइमान ठरवणारा शब्द काढून टाकला होता. म्हाताऱ्याने विचारलं, मी थोडी आशा घेऊन जाऊ का? पोप म्हणाले, आशेपेक्षा जास्त काहीतरी मिळण्याचा तुमचा हक्क आहे. आणि पाच वर्षांनी तो ठराव झाला. इझाक तोवर वारले होते.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मला हे माझ्या आजीने सांगितलं होतं गं, मी कधी तपासलंच नाही. पुढच्या वर्गात त्यांनी मुलांपुढे सांगितलं की मागच्या वेळी मी चुकीचं शिकवलं. मुलं ऐकत होती म्हणे, एकाने विचारलं सर तुम्हीपण चुकता?

गुड फ्रायडेला माझी मुलगी माझ्या शेजारी उभी होती. योहानचं वाचन. "त्याला क्रुसावर खिळा" आलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, हळू आवाजात.

नवगाववाली आजी, तिचा तुमच्यासाठी एक प्रश्न आहे, तुमचा पेसाह (वल्हांडण सण) आणि आमचा ईस्टर जवळजवळ येतात तर तुमच्या आजीकडे कोकणात पेसाहला काय नाव होतं?

नवगाववाली

तिला सांग, "अनाशी ढाकाचा सण". अनाशी म्हणजे आंबट रसाचं मडकं, सणाच्या आठ दिवसांत आंबवलेलं काही चालत नाही म्हणून ते झाकून ठेवायचं. आजी फडकं बांधायची आणि आम्हा पोरांना दम द्यायची, हात लावायचा नाही. नवव्या दिवशी उघडायची तेव्हा घरभर वास सुटायचा. तिला घेऊन ये कधी अलिबागला, घर बंद आहे पण किल्ली शेजारच्या कोळणीकडे असते.